जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्यावरील बदल कसे ओळखावेत

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वस्तुसंग्रहातील निकामी केलेल्या जुन्या बंदुकांची यादी करण्यासाठी मला बोलावले होते. तेथील एका ली-एनफिल्ड, म्हणजेच थ्री-नॉट-थ्री (.३०३), रायफलीच्या पुढच्या दस्त्यावर, म्हणजे नळीखालच्या लाकडावर, दोन ठिकाणी चार-चार बोटे रुंदीचे फिकट पट्टे होते. पट्ट्यांवर एकमेकींना खेटून असलेल्या बारीक रेघांचे दबलेले ठसे उमटलेले होते आणि एका पट्ट्याच्या कडेला डाळीच्या दाण्याएवढा करड्या धातूचा थेंब चिकटून राहिला होता. सांभाळणाऱ्या गृहस्थांना विचारले तेव्हा ते सहज म्हणाले, "तिथं कुणीतरी तांब्याची तार गुंडाळली होती. अगदी गावठी काम. ती काढून भंगारात दिली आणि वर पॉलिश मारून घेतलं." ज्याला ते गावठी काम समजले होते ते लष्करी आर्मररचे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे, काम होते, आणि त्या रायफलीच्या आयुष्यातील सर्वांत बोलका पुरावा रद्दीच्या भावाने गेला होता.

अशी चूक टाळण्यासाठी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे येथे सविस्तर मांडतो. लष्करी रायफली अनेक देशांच्या आहेत. पण भारतात ज्या रायफलीशी सर्वाधिक गाठ पडते ती ली-एनफिल्डच, म्हणून उदाहरणे मुख्यतः तिचीच घेतली आहेत. एनसीसीत ज्यांनी कवायत केली आहे त्यांच्या हातांना तिचे वजन आठवत असेल, आणि २००८ च्या नोव्हेंबरातदेखील मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात हीच रायफल होती.

आरंभी दोन सूचना. रायफल निकामी आहे असे कोणी कितीही खात्रीने सांगितले, तरी बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) मागे ओढून चेंबर (काडतूस बसते ती जागा) आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) डोळ्यांनी आणि बोटाने तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये. दुसरी सूचना कायद्याची आहे. .३०३ हे आपल्याकडे निषिद्ध बोअर (नळीच्या छिद्राचे माप) असून केंद्र सरकारच्या विशेष परवानगीवाचून ते खासगी व्यक्तीला बाळगता येत नाही. याच कारणाने परवानाधारकांसाठी बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याने ली-एनफिल्डच्याच धाटणीची.३१५ बोअरची रायफल काढली. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे ४५ वे कलम जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट देते, पण ते शस्त्र दुरुस्ती करूनही चालू शकत नसले पाहिजे, अशी तिची अट आहे. आजोबांच्या माळ्यावर काही सापडल्यास अभ्यास नंतर करावा. आधी पोलीस ठाण्यात कळवावे.

मूळ रूप माहीत नसेल तर बदल दिसणारच नाही. ली-एनफिल्डचा आखूड नमुना विसाव्या शतकाच्या आरंभी आला, त्याचा मार्क थ्री हा प्रकार १९०७ मध्ये स्वीकारला गेला आणि १९२६ मध्ये त्याचे नाव 'रायफल नंबर वन' असे झाले. या रायफलीचे लाकूड एकसंध नसते. मागचा, खांद्याला टेकणारा बट वेगळा, पुढचा दस्ता वेगळा, आणि नळीवर झाकणासारखी बसणारी दोन लाकडे आणखी वेगळी. बट आणि पुढचा दस्ता यांच्यामध्ये लोखंडी खोबण असते आणि बटाच्या आतून जाणारा लांब बोल्ट बटाला त्या खोबणीशी आवळून धरतो. बटाच्या मागील टोकाला पितळी पट्टी असून तिच्यातील छोट्या दारामागे तेलाची कुपी आणि पुलथ्रूची (नळी साफ करण्याची) दोरी ठेवण्याची जागा असते. बट सगळ्यांचा एका मापाचा नव्हता. नेहमीच्या मापावर काही खूण नसे. त्याहून लांब, आखूड आणि सर्वांत आखूड मापांसाठी अनुक्रमे एल, एस आणि बी ही इंग्रजी अक्षरे बटाच्या वरच्या कडेवर, पितळी पट्टीच्या जिभेपुढे ठोकलेली असत. म्हणून आखूड बट दिसला की तो कोणी करवतीने कापला, असा निष्कर्ष काढण्याआधी ते अक्षर शोधावे. अक्षर नसेल, पितळी पट्टीची जीभ बसवण्यासाठी कोरलेली खाच ओबडधोबड असेल आणि पट्टीच्या कडा लाकडाशी जुळत नसतील, तर मात्र करवतीचा संशय रास्त ठरतो.

पाहण्याची साधने साधीच आहेत: मोबाइलचा टॉर्च, भिंग, मोजपट्टी आणि अंगठा. खोलीतील दिवे मंद करून टॉर्च दस्त्याला जवळपास समांतर धरावा. समोरून पडणाऱ्या प्रकाशात गुळगुळीत भासणाऱ्या लाकडावर तिरप्या प्रकाशात पुसट शिक्के, बुजवलेली भोके, कानशीचे फटकारे आणि पोचे वर येतात. त्यानंतर जेथे लाकूड धातूला भिडते, विशेषतः बटाची पितळी पट्टी आणि मधली लोखंडी खोबण, तेथून अंगठा आडवा फिरवावा. मूळ लाकूड धातूपेक्षा किंचित उंच असते. अंगठा धातूवरून लाकडावर जाताना खाली उतरला, तर कोणीतरी पॉलिश पेपरने लाकूड घासले आहे असे खुशाल समजावे. घासलेल्या दस्त्यावरील शिक्क्यांच्या कडाही बसलेल्या असतात आणि अक्षरांचा वरचा भाग नाहीसा होऊन तळ तेवढा उरतो. लष्कर दस्त्याला जवसाचे तेल पाजत असे, त्यामुळे काचेसारखी चकाकणारी वार्निश दिसली की ती मागाहून चढलेली आहे, हे उघड आहे. एवढी एक तपासणी केल्यावर पुढील किती पुराव्यावर विसंबता येईल याचा अंदाज येतो.

येथे एक मोह आवरावा लागतो, तो म्हणजे रायफल खोलून पाहण्याचा. या जुन्या नमुन्यात बटाच्या बोल्टाचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते पुढच्या दस्त्याच्या मागील टोकातील एका छोट्या पत्र्यात अडकलेले असते. पुढचा दस्ता न काढता कोणी बटाचा बोल्ट फिरवला, तर ते चौकोनी टोक दस्त्याला आतून फाडते. पुढच्या दस्त्याच्या मागील टोकाला, खोबणीलगत, उभी चीर आणि तीवर सरसाने केलेली डागडुजी अनेकदा दिसते. तिचे एक कारण गोळीबाराचा झटका असला तरी दुसरे कारण हा उतावीळ पेचकस असतो. खोलायचेच असेल तर ते जाणत्या आर्मररकडून करून घ्यावे आणि आधी पुढचा दस्ता काढावा.

आता मुख्य प्रश्न: दिसणारा बदल कोणाच्या हातचा? कारखान्याच्या, लष्करी वर्कशॉपमधील आर्मररच्या, रायफल वापरणाऱ्या शिपायाच्या, की नंतरच्या मालकाच्या अथवा विक्रेत्याच्या? माझ्या अनुभवात सर्वाधिक गोंधळ आर्मररच्या कामाविषयी होतो, कारण ते सरकारी असूनही सुबक दिसेलच असे नसते.

कारखान्याच्या पातळीवरील बदल ओळखणे तुलनेने सोपे आहे. १९१६ मध्ये युद्धाच्या घाईत मार्क थ्रीमधील काही भाग वगळले गेले आणि त्या सुटसुटीत नमुन्याच्या नावापुढे तारा आला. दूरच्या अंतरावर एकत्रित मारा करण्यासाठी पुढच्या दस्त्याच्या डाव्या बाजूला नेम धरण्याची जी तबकडी असे, ती तेव्हाच गेली. जुन्या दस्त्यावर तिची बैठक तशीच राहिलेली आणि तिच्यात लाकूड बसवून जागा बुजवलेली आढळली, तर ते नुकसान समजू नये. तो जुन्या दस्त्याचा नव्या नियमानुसार केलेला वापर आहे. बटाच्या उजव्या बाजूला पलटणीची खूण आणि क्रमांक असलेली पितळी चकती असे, तीही पुढे बंद झाली आणि तिच्या जागी गोल लाकडी बूच दिसते. ऑस्ट्रेलियातील लिथगो येथील रायफलींमध्ये अक्रोडाऐवजी तिकडचे स्थानिक लाकूड वापरले जाई, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील त्यांच्या काही पुढच्या दस्त्यांवर 'स्लॅझ' असा शिक्का सापडतो. तो टेनिसच्या रॅकेटी करणाऱ्या स्लॅझेंजर कंपनीचा आहे. प्रथमदर्शनी तो कोणा खोडकर मुलाचा उद्योग वाटण्याची शक्यता आहे.

बंगालमधील ईशापूरच्या रायफलीवर मॅगझिनच्या किंचित पुढे, दस्त्याच्या आरपार गेलेला एक आडवा स्क्रू दिसतो. जगभरचे संग्राहक त्याला ईशापूर स्क्रू म्हणतात. चेंबरजवळील लाकूड फाटू नये म्हणून तो घातलेला असतो. साठच्या दशकात ईशापूरने हीच रायफल ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी तयार केली, तिच्यातही तो आहे. ईशापूरच्या बाहेर तयार झालेल्या, पण भारतात दुरुस्त झालेल्या रायफलींवरही तो आढळतो, आणि तेव्हा तो रायफलीच्या प्रवासाचा उपयुक्त पुरावा ठरतो. मात्र स्क्रूचे डोके पाहावे. त्यावर एकच सरळ खाच असली पाहिजे. अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू अशा रायफलीवर कोठेही दिसला, तरी तो अलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानातून आला आहे.

आता तारेविषयी. पुढच्या दस्त्याभोवती तांब्याची तार गुंडाळून तिला कथील-शिशाचा डाग (सोल्डर) दिलेली रायफल ही हातबॉम्ब फेकण्यासाठी राखून ठेवलेली रायफल असते. नळीच्या तोंडाशी एक पेला बसवून त्यात मिल्स बॉम्ब ठेवत आणि गोळी नसलेल्या काडतुसाने तो उडवत. या माऱ्याचा झटका नेहमीच्या गोळीपेक्षा खूपच जबर असे. त्यामुळे लाकूड तडकू नये, आणि नळी फाटलीच तर तुकडे शिपायाच्या डाव्या हातात घुसू नयेत, म्हणून लाकूड आणि नळी मिळून तारेने करकचून बांधली जात. भारतात अशा रायफली मोठ्या संख्येने झाल्या. त्यासाठी बहुधा घासून जुन्या झालेल्या रायफली निवडत, आणि त्यांच्यावर ई आणि वाय ही इंग्रजी अक्षरे असू शकतात. अस्सल काम भिंगाखाली कसे दिसते ते नीट पाहून ठेवावे. तारेचा प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्याला खेटून असतो, मध्ये नखही शिरत नाही. डाग सगळीकडे सांडलेला नसतो. तो लांबीच्या दिशेने पट्ट्यासारखा ओढलेला असतो, म्हणजे एक वेढा तुटला तरी बाकीचे सुटू नयेत. तारेच्या फटींतून तेल, धूळ आणि काळा रंग यांचा कडक थर बसलेला असतो, आणि कडेला लाकडाचा रंग बदललेला असतो, कारण उघड्या लाकडावर वर्षानुवर्षे हात फिरले व तारेखालच्या लाकडावर फिरले नाहीत. कोणी नव्याने तार गुंडाळली असेल तर वेढे चमकदार असतात, डाग विजेच्या कामासारखा ठिपक्यांनी दिलेला असतो आणि तारेलगतच्या लाकडाच्या रंगात काहीही फरक नसतो. मुख्य म्हणजे जुन्या तारेखाली लाकूड दबलेले असते. तार काढून टाकलेल्या रायफलीवरही हे दबणे राहते, आणि आरंभी सांगितलेल्या रायफलीत मला तेच सापडले.

याच जातीचा दुसरा भारतीय बदल म्हणजे .४१० बोअरची मस्केट. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना लांब पल्ल्याच्या रायफलीची गरज नव्हती, आणि ती चोरीला गेली तर सरकारलाच महागात पडली असती. म्हणून नळीतील, गोळीला फिरकी देणारे आटे काढून ती रुंद व गुळगुळीत केली गेली, आणि एकावेळी एकच काडतूस भरता यावे यासाठी मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा ठोकला गेला. मॅगझिनमधला हा ठोकळा पाहून अनेकांना ते खेळणे वाटते. तो काढू नये. हिचे काडतूस .३०३ च्याच पुंगळीचे, पण मान न आवळलेले असे होते, बाजारातील.४१० छऱ्याच्या काडतुसाशी त्याचा संबंध नाही.

कवायतीच्या रायफलींवर डी आणि पी ही अक्षरे आणि पांढरे पट्टे असतात. पट्टे खरवडून तेल लावलेली कवायतीची रायफल 'युद्धात वापरलेली' म्हणून विकली गेल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा भिंग घेऊन लाकडाच्या उघड्या रंध्रांत पाहावे. अक्रोडाच्या रंध्रांत शिरलेला पांढरा रंग खरवडून निघत नाही. पट्टा जेथे धातूच्या कड्याखाली शिरतो तेथेही त्याची कड राहून जाते. नळीला किंवा चेंबरला पाडलेले भोक हा पुरावा तर लाकडाच्याही आधी सापडतो.

आर्मररचे ठिगळ आणि सुताराचे ठिगळ यांतील भेद शब्दांत सांगणे थोडे अवघड आहे, पण एकदा डोळ्यात भरला की चुकत नाही. बटाच्या खालच्या कोपऱ्याचा टवका उडाला तर आर्मरर तुटलेली कड रंधून सरळ करतो, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा रेषा जुळवून बसवतो आणि आतून लाकडी खुंट्या मारतो. सांध्यातून कागद जात नाही. ठिगळाचा रंग मात्र बऱ्याचदा वेगळा असतो, कारण रंग जुळवणे हे त्याचे कामच नव्हते. याउलट पुढे केव्हातरी विक्रीसाठी केलेल्या दुरुस्तीत रंग हुबेहूब जुळवलेला असतो आणि सांध्यात भुसा-सरसाची लांबी (पुट्टी) भरलेली असते. अतिनील टॉर्च मिळाला तर अंधारात तो फिरवावा. आधुनिक सरस आणि वार्निश आजूबाजूच्या जुन्या तेलकट लाकडाहून वेगळे चमकतात.

काही गोष्टी मोडतोड वाटतात आणि मुळात घडणीचाच भाग असतात. जपानी अरिसाका रायफलीच्या बटावर लांबच लांब सांधा दिसतो, कारण तो बट लाकूड वाचवण्यासाठी दोन तुकड्यांचाच करत. फिनलंडने आपल्या मोसिन-नागां या मूळ रशियन रायफलींच्या दस्त्यात बोटांत बोटे गुंतवावीत तसा सांधा मुद्दाम घातला, कारण दोन तुकड्यांचा दस्ता थंडी आणि ओल यांत कमी वाकतो. अशा दस्त्याला 'तुटून जोडलेला' म्हणून भाव पाडून मागणारा गिऱ्हाईक भेटला, तर त्याला तसेच सोडून द्यावे.

शिपायाच्या हातच्या खुणांविषयी मी सर्वाधिक साशंक असतो. बटावर ओळीने पाडलेल्या खाचा म्हणजे मारलेल्या शत्रूंची संख्या, ही कथा ऐकायला सगळ्यांना आवडते. त्या खाचा एकसारख्या अंतरावर आणि कडेला असतील तर त्या रॅकच्या किंवा गाडीतील आकड्याच्या घर्षणाने पडलेल्या असू शकतात. कोरलेल्या नावाबाबत शिक्का आणि कोरीवकाम यांतला भेद पाहावा. शिक्क्याने लाकडाचे तंतू दाबले जातात, चाकूने ते कापले जातात. जुन्या कोरीव अक्षराचा तळ आजूबाजूच्या लाकडाइतकाच काळा असतो आणि कडा तळहाताने गोलसर झालेल्या असतात; नव्या अक्षराच्या कडा बोटाला टोचतात. ते नाव एखाद्या प्रसिद्ध पलटणीचे असेल तर दुप्पट सावध व्हावे. खऱ्या शिपायाला आपल्या पलटणीचे नाव बटावर कोरण्याची परवानगी सहसा नसे, आणि त्याची ओळख बटावरच्या क्रमांकातच सामावलेली असे. आजही जवान आपल्या रायफलीला तिच्या बट नंबरानेच ओळखतो. स्वित्झर्लंडमधील के-३१ रायफलीच्या बटाच्या पट्टीखाली मात्र अनेकदा शिपायाच्या नावाची कागदी चिठ्ठी खरोखर सापडते.

विक्रेत्याचे सर्वांत महाग पडणारे काम म्हणजे बनावट स्नायपर रायफल. नंबर फोर या ली-एनफिल्डच्याच नंतरच्या नमुन्याच्या खऱ्या स्नायपर प्रकारात बटावर गाल टेकवण्यासाठी लाकडी उशी स्क्रूने बसवलेली असते. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूकनिर्मात्यांनी अशा वीस हजारांहून अधिक रायफली तयार केल्या आणि त्यांच्या बटाच्या खालच्या बाजूला बहुधा 'एस ५१' हा शिक्का असतो. बटाच्या मानेवर, वरच्या बाजूस, मूळ दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असतो. उशी नवी बसवता येते आणि शिक्काही नवा ठोकता येतो, पण उशी काढून तिच्याखालचे लाकूड पाहिले की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. खरी उशी असेल तर तिच्याखालील जागा कमी मळलेली आणि तिच्या आकाराच्या कडेने रेखलेली असते. सगळीकडे सारखेच मळलेल्या बटावर उशी बसली असेल, तर ती पुष्कळ उशिरा आली आहे.

शेवटी क्रमांक. जुन्या नमुन्यात पुढच्या दस्त्याच्या खालच्या बाजूला, नळीच्या तोंडाकडील लोखंडी टोपीच्या मागे, रायफलीचा क्रमांक ठोकलेला असतो. तोच बोल्टच्या दांड्यावर आणि चेंबरच्या कड्यावर असावा लागतो. जुना क्रमांक एका रेघेने खोडून शेजारी नवा ठोकलेला दिसला, तर ती वर्कशॉपमधील प्रामाणिक नोंद आहे. क्रमांक कानशीने पुसून नवा ठोकलेला दिसला, तर कारण शोधावे.

नोंद करताना पानाचे दोन भाग करावेत. डाव्या भागात केवळ जे दिसते ते लिहावे: जागा, माप, रंग, शिक्क्याची अक्षरे, स्क्रूची संख्या. उजव्या भागात त्यावरून काढलेला तर्क लिहावा आणि तो पेन्सिलीने लिहावा. प्रत्येक खुणेचे एक छायाचित्र समोरच्या प्रकाशात आणि एक तिरप्या प्रकाशात घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी. काम चालू असताना दस्त्याला तेल, मेण, पॉलिश यांपैकी काहीही लावू नये. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसली तरी पुरे. त्या संस्थेच्या नोंदवहीत तार काढलेल्या रायफलीसमोर डावीकडे मी इतकेच लिहिले: "पुढचा दस्ता, दोन जागी तारेचे दबलेले ठसे, एका जागी डागाचा थेंब शिल्लक, तार नाही." उजवीकडे पेन्सिलीने "ग्रेनेड रायफल" असे लिहिले आणि तो थेंब कोणी खरवडू नये म्हणून त्या जागेवर कागदी पट्टी बांधून ठेवली.